जुनी खोली स्वतः करायला घेतली आहे, ओलीवर पुट्टी चालेल का?

पहिलीथापी:

नमस्कार मंडळी,

घरातली मागची खोली मला राहायला मिळाली आहे. बरीच वर्षं तिथे अडगळ होती. सामान बाहेर काढलं, जळमटं झाडली आणि आता कुठे भिंती नीट दिसायला लागल्या आहेत. माणसं लावून हे काम सहज होईल, पण मला ते शिकायचंय. संध्याकाळचा वेळ आणि सुट्टीचे दिवस देऊ शकतो, घाई अजिबात नाही. कडी बदलणं, खिळा ठोकणं यापलीकडे अनुभव मात्र नाही.

खोली तळमजल्यावर आहे, साधारण दहा बाय बारा फूट, विटांची. एक लांब भिंत बाहेरची, तिच्यात लाकडी खिडकी. समोरच्या भिंतीपलीकडे बाथरूम. उरलेल्या दोन भिंती घराच्या आतल्या आणि कोरड्या.

बाहेरच्या भिंतीला खालून कमरेपर्यंत पोपडे आले आहेत. पोपडा उचलला की मागे मिठासारखी पांढरी भुकटी असते, बोटाला लागते. गुडघ्याच्या उंचीपर्यंत गिलावा राखाडी आणि टणक आहे. त्याच्या वरचा पिवळसर पांढरा आणि मऊ, किल्लीने ओरखडलं तरी भुगा पडतो. खालचा पट्टा कुणीतरी मागाहून सिमेंटने केलेला असावा. विशेष म्हणजे सगळ्यात वाईट पोपडे त्या पट्ट्यावर नाहीत, त्याच्या लगेच वरच्या मऊ भागात आहेत.

बाथरूमच्या भिंतीवर गुडघ्याच्या जरा वर परातीएवढा गडद डाग आहे. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून छताकडे एक तिरका तडा गेलाय, त्यात नख अडकतं पण नाणं शिरत नाही. खिडकीवर तेलरंगाचे इतके थर आहेत की चौकटीची नक्षी बुजली आहे, आणि एक झडप पूर्ण लागत नाही. वायरिंग उघडं, लाकडी पट्टीवरून फिरवलेलं. वायरीवर कापडी आवरण आहे.

माझा बेत होता की सैल रंग खरवडायचा, पुट्टी भरायची, प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात. पण ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. एक जण म्हणतात सगळा गिलावा पाडून सिमेंटचं पक्कं प्लास्टर कर. दुसरे म्हणतात ओल अडवणारा रंग लाव, संपलं. तिसरे म्हणतात पुढे जिप्सम बोर्ड उभं कर, मागे काय चाललंय ते दिसणारच नाही. यातलं काय बरोबर? आणि माझ्यासारख्या नवख्याने कुठल्या कामाला हात घालावा, कुठल्या कामाला घालू नये?


ओळंबा:

पहिलीथापी, तुम्ही भिंत नीट पाहिली आहे, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेते. बाबा गवंडी होते, त्यांच्या हाताखाली माल कालवत मी हे काम शिकले. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला मिळालेले तिन्ही सल्ले मुळात एकच आहेत: ओल झाका. झाकलेली ओल भिंतीतच राहते आणि दुसरीकडून वाट काढते. तुमच्या भिंतीत नेमकं हेच आधी झालेलं आहे. वरचा मऊ, भुगा पडणारा गिलावा चुन्याचा आहे. चुन्याच्या गिलाव्यातून पाण्याची वाफ बाहेर जाऊ शकते. जमिनीतून थोडी ओल चढली तरी ती पृष्ठभागावरून सुकत राहते, म्हणून अशा भिंती पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. कुणीतरी खालच्या भागात पोपडे बघितले आणि तिथे सिमेंट मारलं. सिमेंटने वाफेची वाट अडवली, पाणी विटेतून आणखी वर चढलं आणि पट्टा संपतो तिथे बाहेर पडलं. म्हणून पोपडे पट्ट्याच्या वर आहेत. आता कमरेपर्यंत सिमेंट केलं तर पोपडे छातीपर्यंत जातील. वर तेलरंग किंवा प्लास्टिक इमल्शनचा हात दिला असेल तर त्यानेही हेच केलं.

ती पांढरी भुकटी म्हणजे क्षार. पाणी माती आणि विटांमधले क्षार विरघळवून आणतं, पृष्ठभागाशी पाणी उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक मागे राहतात. स्फटिक वाढताना जोर लावतात आणि रंग, पुट्टी, गिलावा आतून उचलून टाकतात. पुट्टी कितीही महागडी घ्या, ती या जोरापुढे टिकत नाही. भुकटी ओल्या फडक्याने पुसू नका, पाण्याबरोबर क्षार परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद पसरून गोळा करा आणि फेकून द्या. काही दिवसांनी पुन्हा येईल, पुन्हा झाडा. येण्याचं प्रमाण कमी होतंय का हे बघत राहिलात तर भिंत सुकतेय की नाही ते कळतं.

तर पहिलं काम पाणी कुठून येतंय ते शोधणं. नवख्या माणसाला हे काम सगळ्यात उत्तम जमतं, कारण त्यात हात सफाईदार असावा लागत नाही, लक्ष असावं लागतं. मोठ्या कंत्राटात यासाठी कुणी थांबत नाही, तुम्हाला घाई नाही म्हणून तुम्ही थांबू शकता.

घराच्या भिंतीत ओल साधारण तीन वाटांनी येते. जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या लांबीभर पट्ट्यासारखी दिसते आणि बहुतेक वेळा मीटरभर उंचीच्या आसपास थांबते. नळातून किंवा सांध्यातून येणारी ओल एका जागी डागासारखी असते, वापर वाढला की गडद होते. तिसरी हवेतली. बंद खोलीतली दमट हवा थंड भिंतीला लागून तिथे पाणी धरते, हे कोपऱ्यात आणि कपाटामागे होतं, आणि तिथे काळी बुरशी दिसते. तुमच्या वर्णनावरून बाहेरची भिंत पहिल्या प्रकारची आणि बाथरूमची दुसऱ्या प्रकारची वाटते. पण वाटण्यावर काम सुरू करू नका, तपासा.

प्लास्टिकचा फूटभराचा चौकोनी तुकडा घ्या आणि भिंतीवर चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा. पोपडे असलेली जागा झाडून घ्या, नाहीतर टेप धरणार नाही. दोन दिवस तसंच ठेवा. पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे जमलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमलं तर हवेतली. असे तुकडे एकाच वेळी तीन-चार जागी लावा, एक मुद्दाम कोरड्या भिंतीवर, म्हणजे तुलना करता येईल.

मग घराच्या बाहेर जाऊन त्याच भिंतीपाशी उकिडवे बसा. आतल्या फरशीची पातळी बाहेर कुठे येते ते टेप धरून मोजा. बाहेरची जमीन त्या पातळीच्या किमान १५० मिमी खाली असायला हवी. जुन्या घरांभोवती वर्षानुवर्षं माती, राडारोडा, कुंड्या साचतात, वरून कुणी कोबा करतं, आणि जमीन हळूहळू फरशीच्या वर येते. मग भिंतीचा खालचा भाग जमिनीत पुरल्यासारखा होतो. पन्हळीचं पाणी नेमकं तिथे पडतंय का, जमिनीचा उतार भिंतीकडे आहे की भिंतीपासून लांब, हेही बघा. माझ्या कामांमध्ये ओलीचं कारण आत सापडण्यापेक्षा बाहेर सापडतं.

बाथरूमच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारा. शक्य असेल तर काही दिवस ते बाथरूम वापरू नका, वापरायचंच असेल तर रोज डाग रेघेबाहेर जातोय का बघा. पाण्याचा मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहा, सकाळी पुन्हा बघा. आकडा पुढे सरकला तर दाबाची, म्हणजे नळाला पाणी आणणारी पाइप गळतेय. आकडा तसाच आहे आणि अंघोळीनंतर डाग वाढतोय, तर गळती सांडपाण्याच्या बाजूला, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीच्या सांध्यात किंवा फरशीच्या फटींत.

तड्याबद्दल. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरके तडे जाणं नेहमीचं आहे, भिंतीतला भार तिथे वळतो. तो जुना आणि थांबलेला आहे की अजून वाढतोय, एवढंच कळायला हवं. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. मध्ये तड्याच्या दोन्ही बाजूंना ठिपका काढून त्यांतलं अंतर मोजून ठेवा. भरू नका. काही महिने बघा. तडा पाच मिमीहून रुंद झाला, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा उतरायला लागला किंवा दार-खिडकी अडकायला लागली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तिथे हौस दाखवायची नाही. कुठलीही भिंत पाडायचा विचार मनात आला तरी हेच.

एक काम मात्र आजच करता येईल. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळ्या भिंती ठोकत जा, वीतभर अंतराने. गिलावा विटेला धरून असेल तिथे खणखणीत आवाज येतो, सुटला असेल तिथे बद्द. बद्द जागेभोवती खडूने रेघ ओढा. खोली पूर्ण झाली की खडूची आकृती बघा, किती गिलावा खरोखर काढायचाय ते समोर दिसेल. सगळा पाडायची गरज क्वचितच असते. बद्द जागा तेवढ्या काढायच्या, बाकी चुना जागेवर राहू द्या.


फेजन्यूट्रल:

वायरिंगचं मी सांगतो, माझं रोजचं काम आहे.

कापडी आवरणाच्या वायरीत आत रबर असतं. ते काळाने कडक होतं, वायर वाकवली की तुकडे पडतात आणि तांबं उघडं होतं. त्यामुळे या वायरीला हलवून बघणं, ओढणं, पट्टीखालून काढणं यातलं काहीही चालू लाइनवर करू नका. ओल्या भिंतीजवळ तर नाहीच. ओळंबाताई म्हणाल्या तसं भिंती ठोकून बघणार असाल तर त्याआधी त्या खोलीची लाइन मेनवरून बंद करा. पेनासारख्या टेस्टरवर विसंबू नका. लाइन बंद आहे याची खात्री मल्टिमीटर लावूनच करायची.

हे काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या. तुम्ही शिकायचं ते नियोजन. कुठल्या भिंतीवर काय ठेवणार, पलंग कुठे, टेबल कुठे, हे आधी ठरवा आणि खडूने भिंतीवर काढा. बोर्ड कोरड्या, आतल्या भिंतींवर घ्या. बाहेरची भिंत पूर्ण सुकेपर्यंत तिच्यावर एकही पॉइंट नको.

दिव्यांना दीड चौरस मिमीची वायर, प्लगना अडीचची, अर्थिंग प्रत्येक पॉइंटला. जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग बहुधा नसतंच. बोर्डाच्या आधी एमसीबी (भार जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते. दोन्ही लागतात, एकीचं काम दुसरी करत नाही.

झिरी, म्हणजे वायरीच्या पाइपसाठी भिंतीत खाच, मारायची असेल तर सरळ उभी किंवा सरळ आडवी, तिरकी कधीच नाही. पुढे कुणी खिळा ठोकताना बोर्डाच्या वर-खाली पाइप आहे हे त्याला ओळखता आलं पाहिजे. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, आडवी एक षष्ठांशाहून. साडेचार इंची भिंत असेल तर उभी ३८ मिमी आणि आडवी १९ मिमी, बस्स. १९ मिमीत २५ मिमीचा पाइप मावतच नाही, म्हणजे पातळ भिंतीत आडवी झिरी विसरा. आणि तुमच्या चुन्याच्या भिंतीचा गिलावा चांगला असेल तर तो फोडायचाच कशाला, केसिंग-केपिंग (वायर आत ठेवून झाकायची पट्टी) वरून सरळ रेषेत नेलं तर छान दिसतं. पाइप बुजवण्याआधी भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी कामाला येतात.


रंधा:

खिडकीविषयी दोन शब्द, लाकडाच्या कामात आयुष्य गेलं म्हणून.

तेलरंगाचे जुने थर कोरडे घासू नका. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, बऱ्याच देशांत त्यानंतर. घासल्यावर ती धूळ श्वासातून आणि हातातून पोटात जाते, लहान मुलांना तर फार थोडंसं शिसंही बाधतं. तपासायचे किट मिळतात, आधी तपासा. शिसं निघालं, किंवा तपासता आलं नाही, तर आहे असंच धरून चाला. पृष्ठभाग पाण्याने ओला ठेवून खरवडा किंवा जेलसारखं रंग काढायचं रसायन लावा, खाली जाड प्लास्टिक पसरा, तोंडाला चांगला रेस्पिरेटर (धूळ गाळणारा मास्क). गॅसच्या बर्नरने रंग जाळायचा नाही, शिशाची वाफ होते. काम झाल्यावर झाडू नाही, ओल्या फडक्याने पुसा. कपडे वेगळे धुवा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम जाणत्या माणसावर सोपवा.

झडप लागत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा लाकूड नसतं, कडांवरचा रंग असतो. रंधा मारायची घाई नको. आधी चौकटीच्या आतल्या कडेला खडू चोळा, झडप लावा, उघडा. झडपेवर खडू उमटेल तिथे ती घासतेय. तेवढ्याच जागेवरचा रंग काढा आणि पुन्हा बघा. झडपेभोवती सगळीकडे दोन-तीन मिमी फट हवी, लाकूड दमट दिवसांत फुगतं. उन्हाळ्यात चापून बसवलेली झडप पावसाळ्यात अडकणार.

चौकटीचं खालचं लाकूड, जिथे पाणी थांबतं, तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टणक लागलं तर उत्तम. लोण्यासारखं आत गेलं तर तेवढा भाग कापून नवा तुकडा सांधावा लागेल, रंगाने ते भरत नाही. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, तिचा बंदोबस्त आधी. आणि जुनं लाकूड टाकून ॲल्युमिनियम बसवायचा मोह होईल, तो आवरा. जुन्या खिडक्यांचं लाकूड दाट वाढीचं असतं, आज तसं मिळणं कठीण.


पहिलीथापी:

ताई, दादा, काका, तिघांचे मनापासून आभार. इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

खोलीची लाइन मेनवरून बंद करून घेतली आणि सगळ्या भिंती ठोकल्या. बद्द आवाज जवळजवळ पूर्ण सिमेंटच्या पट्ट्यात आहे आणि त्याच्या वर हातभर. बाकी चुना घट्ट आहे. एका कोपऱ्यात सिमेंटचा पापुद्रा आपणहून सुटला होता, तो उचलला तर मागची वीट ओलसर आणि तिच्यावर भुकटीचा जाड थर.

प्लास्टिकचे तुकडे काढून बघितले. बाहेरच्या भिंतीवर आतल्या बाजूने थेंब, कोरड्या भिंतीवर काहीच नाही. बाहेर जाऊन मोजलं तर भिंतीलगतची जमीन आतल्या फरशीपेक्षा चार बोटं वर आहे. तिथे माती आणि जुन्या कौलांचा ढीग होता, वर झाडं उगवली होती. बाथरूमचा मीटर रात्रभर हलला नाही, पण अंघोळीनंतर डाग पेन्सिलच्या रेघेबाहेर गेला.

माती काढायला सुरुवात केली आहे. आता पुढचं विचारतो. ही भिंत सुकायला किती दिवस लागतील? सिमेंटचा पट्टा मी स्वतः काढू शकतो का? आणि चुन्याचा माल मला जमेल का, की ते गवंड्याचंच काम?


ओळंबा:

चार बोटं वर, म्हणजे कारण सापडलं. माती फरशीच्या पातळीखाली १५० मिमीपर्यंत उतरवा, पण पायाला अगदी खेटून खोल चर खणू नका. उतार भिंतीपासून लांब जाईल असा द्या. पन्हळीचं पाणीही तिथून दूर वळवा. बाथरूमला जाळीभोवतीचा सांधा आणि फरशीच्या फटी आधी. तो प्लंबर एका दिवसात बघेल.

सुकण्याबद्दल ढोबळ हिशेब असा की उघड्या भिंतीच्या दर २५ मिमी जाडीला एक महिना. नऊ इंची भिंत म्हणजे नऊ महिने. ऐकून धक्का बसतो, मला माहीत आहे. पण तेवढा काळ खोली बंद ठेवावी लागत नाही. पट्टा काढला, खिडकी उघडी ठेवली, कपाटं त्या भिंतीपासून लांब ठेवली, की ती सुकत राहते आणि तुम्ही बाकीच्या तीन भिंती, छत, वायरिंग, खिडकी करू शकता. त्या भिंतीचा नंबर शेवटचा. आणि चुन्याच्या गिलाव्यासाठी ती हाडासारखी कोरडी व्हायची वाट बघावी लागत नाही. नवं पाणी यायचं थांबलं आणि भुकटी बऱ्यापैकी कमी झाली की पुरे, उरलेली ओल चुन्यातून जाते.

पट्टा तुम्ही काढू शकता. मोठा हातोडा घेऊ नका, जुनी वीट मऊ असते आणि सिमेंटबरोबर तिचा पुढचा पापुद्रा निघून येतो. बद्द जागेपासून सुरुवात करा, रुंद छिन्नी भिंतीला जवळजवळ आडवी धरा, हलके घाव घाला आणि सिमेंट मागून उचला. जिथे घट्ट बसलंय तिथे जोर न करता दुसऱ्या बाजूने या. चष्मा, मास्क, हातमोजे. विटांचे सांधे पोकळ झाले असतील तर सैल माल बोटभर खरवडून काढा आणि ब्रशने झाडा.

चुन्याचा माल तुम्हाला जमेल, किंबहुना शिकायला चुना सिमेंटपेक्षा बरा. सिमेंटचा माल तासाभरात घट्ट व्हायला लागतो आणि नवखा माणूस घायकुतीला येतो. विरलेला, म्हणजे पाण्यात भिजवून शमवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, तो हातात सावकाश खेळवता येतो. फक्त कळीचा, म्हणजे अजून पाणी न पडलेला चुना आणून घरी विरवू नका. पाणी पडल्यावर तो उकळतो, अंगावर उडतो. आधीच विरवून भिजवलेला, लोण्यासारखा चुना घ्या. तोही डोळ्याला घातक आहे. डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि तडक डॉक्टरकडे जायचं.

एक भाग चुना, तीन भाग वाळू. वाळू धुतलेली, चाळलेली, बारीक आणि जाड दाण्यांची मिसळ असलेली, मुठीत दाबली तर करकरणारी. पाणी घालायचा हात आखडता ठेवा, चुन्यातच पाणी असतं. माल सुरुवातीला कोरडा वाटतो, पण फावड्याने कुटत आणि मळत राहिलात की तो मऊ होतो. नवखे इथेच पाणी ओततात आणि मग गिलावा आकसून तडकतो. थापीवर घेतलेला माल थापी उलटी केल्यावर क्षणभर धरून राहिला तर झाला.

पहिला तुकडा दाराच्या मागे करा, हाताच्या पंज्याएवढा. दाराआड जागा नसेल तर जिथे कपाट येणार आहे तिथे. भिंत आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा लावायच्या आधी पाण्याने शिंपडा, विटेने पाणी प्यायचं थांबलं पाहिजे पण वर पाणी चमकायला नको. माल थापीने जोर देऊन फेका, नुसता चोपडू नका. फेकलेला माल विटेच्या खाचांत बसतो. एका थराची जाडी दहा मिमीच्या वर नको. जास्त भरायचं असेल तर दोन थर करा.

थर जरा ओढला की, म्हणजे अंगठा दाबला तर खड्डा पडत नाही पण नखाने रेघ उमटते, तेव्हा त्यावर तिरक्या रेघा ओढा, पुढचा थर धरायला. लगेच दुसरा थर चढवू नका. पहिल्यात बारीक तडे पडतील, ते पडू द्या. दुसऱ्या दिवशी हलकं पाणी शिंपडून लाकडी थापीने गोल फिरवत दाबा, बंद होतात. पुढे काही दिवस भिंत उन्हापासून आणि वाऱ्याच्या झोतापासून सांभाळा, ओलं गोणपाट टांगा, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारा. चुना फार पटकन वाळला तर घट्ट होत नाही, भुकटीच होतो.

पुट्टीबद्दल तुमचा मूळ प्रश्न राहिला. आतल्या कोरड्या भिंतींवर पुट्टी चालेल. पातळ दोन हात, एकेक दीड मिमीच्या आत, आणि घासताना बॅटरी भिंतीला समांतर धरा, म्हणजे तिरक्या उजेडात उंचवटे सावल्या टाकतात आणि कुठे घासायचं ते दिसतं. समोरून दिवा धरला तर काहीच दिसत नाही. बाहेरच्या भिंतीवर मात्र पुट्टी नाही, इमल्शन नाही, ओल अडवणारा रंग तर नाहीच. तिच्यावर चुन्याची सफेदी, पातळ तीन-चार हात. ओली असताना पारदर्शक दिसते, सुकल्यावर पांढरी होते, तेव्हा पहिल्या हाताला काहीच रंग चढला नाही म्हणून दाट करू नका. दाट केली तर सुकल्यावर पावडरीसारखी हाताला लागेल.

पट्टा काढल्यावर विटांचा फोटो टाका, सांध्यांत चुना आहे की माती ते बघून मालाचं पुन्हा सांगते. मातीचे सांधे निघाले तर थोडं वेगळं करावं लागतं, तोवर वाळू आणू नका.